देवीच्या साथींतील शुश्रूषक : संत जोसेफ वाझ



महोत्सवाच्या वर्षीं आपण आपल्या धर्मग्रामाचा हिशेब मांडतों. किती बाप्तिस्मे झाले, किती विवाह लागले, किती जणांस आपण मूठ मूठ माती दिली, हें सर्व वह्यांतून लिहिलेलें असतें. परंतु प्रत्येक धर्मग्रामाचा आणखी एक इतिहास असतो व तो कोणत्याहि वहींत सांपडत नाहीं. कोण आजारी पडलें असतां कोण त्याच्या उशाशीं बसलें, कोणीं कोणास पेज नेऊन दिली, कोणाच्या जखमा कोणीं धुतल्या, हा तो इतिहास होय. वैभववाडीसारख्या सह्याद्रीच्या पायथ्याच्या मुलुखांत राहणाऱ्यांस त्याचें महत्त्व सांगावयास नको. दुखणें बळावलें कीं करूळचा नाहीं तर भुईबावड्याचा घाट चढून कोल्हापूर गांठावें लागतें, किंवा दक्षिणेस गोव्यांतील बांबोळीच्या रुग्णालयाची वाट धरावी लागते. त्या लांबच्या वाटेवर रोग्याजवळ कोण बसलें आहे, यावर त्याचें निम्में बळ अवलंबून असतें.

दुसऱ्याची वेदना आपली मानणें म्हणजे काय, हें समजून घेण्यासाठीं दूर देशींच्या संतांकडे पाहावयास हवें असें नाहीं. आपल्याच कोंकणपट्टीला लागून असलेल्या गोमंतकांत जन्मलेले व सिंहलद्वीपांत देह ठेवलेले संत जोसेफ वाझ यांचें चरित्र या दृष्टीनें फार उद्बोधक आहे. सिंहलद्वीपाचे प्रेषित म्हणून आपण त्यांस ओळखतों. मात्र ते रोग्यांचे शुश्रूषकहि होते, आणि त्यापूर्वीं स्वतः निराधार रोगी होते, ही गोष्ट आपल्यापैकीं थोड्यांसच ठाऊक असते. तीच येथें विशेषेंकरून सांगावयाची आहे.

जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजीं गोव्याच्या साष्टी प्रांतांतील बाणावली या त्यांच्या आजोळच्या गांवीं झाला. त्यांचे वडील क्रिस्तोव्हांव वाझ हे सांकवाळचे राहणारे होते व मातोश्रींचें नांव मारिया दे मिरांदा असें होतें. सहा मुलांत जोसेफ हे तिसरे. जन्मानंतर आठव्या दिवशीं बाणावलीच्या चर्चमध्यें त्यांचा बाप्तिस्मा झाला. प्राथमिक शिक्षण सांकवाळ व बाणावली येथें संपवून ते गोवें शहरीं गेले. तेथें येशूसंघीयांचें संत पॉल विद्यालय व डोमिनिकन संघाची संत थॉमस अक्वायनस यांच्या नांवाची विद्यापीठिका, या दोन ठिकाणीं त्यांनीं अध्ययन केलें. १६७६ सालीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली. पुढें सांकवाळ येथें त्यांनीं मुलांसाठीं लॅटिन भाषेची शाळा काढली. ५ ऑगस्ट १६७७ रोजीं त्यांनीं स्वतःस पवित्र मरियेचा दास म्हणून लिहून दिलें. तें दासपत्र आजहि भाविकांच्या आदराचा विषय आहे.

१६८१ ते १६८४ या काळांत ते कानडा प्रांतांत होते. मंगळूर, बसरूर, गंगोळी, कुंदापूर या भागांतील विखुरलेल्या ख्रिस्ती कुटुंबांस एकत्र आणून त्यांनीं शाळा चालविल्या व प्रार्थनास्थळें उभीं केलीं. गोव्यास परतल्यावर २५ सप्टेंबर १६८५ रोजीं त्यांनीं जुन्या गोव्यांतील चमत्कारी क्रूसाच्या टेंकडीवरील धर्मगुरूंच्या लहानशा मंडळांत प्रवेश केला. त्या काळीं एतद्देशीय धर्मगुरूंस युरोपीय संन्यासी संघांत सहसा स्थान मिळत नसे. म्हणून गोमंतकीय धर्मगुरूंनींच उभारलेलें हें मंडळ विशेष मोलाचें होतें. संत फिलिप नेरी यांच्या ओरेटरीचे नियम स्वीकारून या मंडळानें पुढें सिंहलद्वीपास एकामागून एक धर्मगुरू पुरविले.

सिंहलद्वीपाची त्या वेळची स्थिति अशी होती. १६५६ सालीं कोलंबो व १६५८ सालीं जाफना हीं ठाणीं डचांनीं पोर्तुगीजांकडून जिंकून घेतलीं. हे डच आपल्या जिल्ह्यासहि अपरिचित नव्हते. सतराव्या शतकांत वेंगुर्ल्यास त्यांचीच वखार होती. सिंहलद्वीपांत त्यांनीं कॅथलिक धर्मगुरूंस बंदी घातली. त्यामुळें तेथील कॅथलिक जनतेस सुमारें तीस वर्षें मिस्सा नव्हती, पापनिवेदन नव्हतें, मरणाऱ्याच्या कपाळीं तेल लावावयास कोणी नव्हतें. हें वृत्त ऐकून फादर वाझ यांचें मन अस्वस्थ झालें. वरिष्ठांची परवानगी घेऊन १६८६ सालीं ते गोव्याहून निघाले. बरोबर जुवांव नांवाचा एक विश्वासू सेवक होता. डचांच्या दृष्टीस पडूं नये म्हणून त्यांनीं धर्मगुरूचा वेष टाकून भिकाऱ्याचा वेष घेतला व १६८७ सालीं अनवाणी पायांनीं ते सिंहलद्वीपांत उतरले.

येथून पुढची कथा लक्षपूर्वक वाचावी. प्रवास अत्यंत कष्टाचा झाला होता. अन्नाची वानवा व वाटेंतले हाल यांमुळें जाफन्यास पोंचतां पोंचतां फादर वाझ यांस आमांशाचा भयंकर विकार जडला. आमांश हें दुखणें कोंकणांतल्या पावसाळ्यांत ज्यानें सोसलें असेल त्यास त्याचें वर्णन नको. पोटांतील मुरडा घटकाभर स्वस्थ बसूं देत नाहीं, अंगांतलें पाणी निघून जातें, आणि मनुष्य लाजेनें व अशक्तपणानें अर्धा मेल्यासारखा होतो. त्यांत हे दोघे परमुलुखांतले, अंगावर चिंध्या, हातीं भिक्षापात्र. तेथील भाषा येत नव्हती, आणि आपण कोण हें सांगण्याचीहि सोय नव्हती. आपण धर्मगुरू आहों असें सांगितलें असतें तर मदत मिळाली असती, परंतु त्याबरोबर डचांची बेडीहि पडली असती.

जुवांवहि आजारी पडला. म्हणजे रोगी तोच आणि शुश्रूषकहि तोच, अशी दोघांची स्थिति झाली. ज्यास ज्या घटकेस थोडें उठवेल त्यानें दुसऱ्यास पाणी द्यावें, एवढेंच शक्य होतें. चरित्रकार सांगतात कीं, एका गरीब बाईस या दोन भिकाऱ्यांची दया आली व तिनें त्यांस तांदळाची पेज आणून दिली. ती बाई कोण, तिचें नांव काय, याची नोंद कोठेंहि नाहीं. आपण कोणास जगवीत आहों हें तिलाहि ठाऊक नसावें. तिला दोन कण्हणारीं माणसें दिसलीं आणि तिनें चुलीवर भांडें चढविलें. आपल्या कोंकणांत आजाऱ्याचें पहिलें अन्न पेजच असतें. म्हणून ही गोष्ट ऐकतांना आपल्यास ती आपल्याच वाडींत घडल्यासारखी वाटते. एका अर्थानें सिंहलद्वीपांतील ख्रिस्तसभेचें पुनरुज्जीवन त्या पेजेच्या वाटीपासून झालें असें म्हणावयास हरकत नाहीं.

प्रकृति सुधारल्यावर फादर वाझ गुप्तपणें कॅथलिक कुटुंबांचा शोध घेऊं लागले. जाफन्याजवळील सिल्लालै या गांवीं त्यांस आश्रय मिळाला व तेथून ते रात्रींच्या वेळीं गांवोगांव जाऊन संस्कार देऊं लागले. त्यांनीं तमिळ भाषा आत्मसात केली. डचांचा ससेमिरा वाढला तेव्हां ते पुत्तलमकडे सरकले, व तेथून १६९२ सालीं बेटाच्या मध्यभागीं असलेल्या कँडीच्या स्वतंत्र बौद्ध राज्यांत गेले. तेथें राजा दुसरा विमलधर्मसूर्य राज्य करीत होता. पोर्तुगीजांचे हेर म्हणून फादर वाझ यांस पकडण्यांत आलें व बंदींत टाकण्यांत आलें. बंदिवासांत त्यांनीं सिंहली भाषा शिकून घेतली. हळूहळू पहारा सैल झाला. त्यांनीं तेथें गवताच्या छपराचें एक लहानसें प्रार्थनामंदिर उभारलें, आणि राजाचा संशय मावळत जाऊन त्यांस शहरांत हिंडण्याची मोकळीक मिळाली. १६९६ सालीं मोठें अवर्षण पडलें असतां त्यांनीं प्रार्थना केली व पाऊस आला, असें परंपरा सांगते. त्यानंतर राजानें त्यांस धर्मोपदेशाची परवानगी दिली.

१६९७ सालीं गोव्याहून त्यांच्या साहाय्यास ओरेटरीचे धर्मगुरू आले. कोचीनच्या बिशपांनीं फादर वाझ यांस सिंहलद्वीपाचे व्हिकर जनरल नेमल्याचें वृत्तहि त्यांच्याबरोबरच आलें. दहा वर्षें एकाकी काम केलेल्या या पुरुषास आतां सहकारी लाभले होते, अधिकार लाभला होता, व मिशनची नीट घडी बसविण्याची वेळ आली होती. इतक्यांत कँडी शहरांत देवीची साथ उद्भवली.

आजच्या तरुण पिढीस देवीच्या रोगाची कल्पना नाहीं, आणि ती नसणें हें मोठें भाग्य आहे. आपल्या घरांतील वृद्ध मंडळींच्या दंडावर देवी काढल्याचा वाटोळा वण असतो, तेवढीच त्या रोगाची खूण आतां उरली आहे. इंग्लंडांत एडवर्ड जेन्नर यांनीं १७९६ सालीं लशीचा पहिला प्रयोग केला, आणि १९८० सालीं हा रोग पृथ्वीवरून नाहींसा झाल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें जाहीर केलें. परंतु १६९७ सालीं लस नव्हती व औषधहि नव्हतें. प्रथम कडक ताप भरावा, कंबर व मस्तक फुटून जावें, मग तोंडांत व घशांत फोड उठून पाण्याचा घोटहि गिळवूं नये. नंतर चेहरा, हात, पाय पुवानें भरलेल्या फोडांनीं झांकून जावेत, कुशीवर वळतां येऊं नये, वस्त्र अंगास चिकटावें व काढतांना कातडी निघावी, असा हा रोग. दहांतले सुमारें तीन रोगी दगावत. जे वांचत त्यांच्या चेहऱ्यावर जन्मभर वण राहत, आणि कित्येकांची दृष्टि जाई. रोग्याच्या श्वासानें, खपल्यांनीं व अंथरुणानेंहि तो पसरे, म्हणून त्याच्याजवळ जाणें म्हणजे आपला जीव पणास लावणें होतें.

राजानें व सरदारांनीं शहर सोडलें. ज्यांस शक्य होतें ते सर्व पळाले. भीति इतकी वाढली कीं, घरांत कोणास फोड दिसले तर घरचींच माणसें त्यास उचलून रानांत नेऊन ठेवीत व मागें वळून न पाहतां परत येत. त्यांस निर्दय म्हणून दोष देण्याची घाई आपण करूं नये. २०२० सालच्या महामारींत मुंबईहून आपल्याच गांवीं परतलेल्या चाकरमान्यांस कित्येक ठिकाणीं शाळेंत नाहीं तर शेतावरच्या मांगरांत वेगळें राहावें लागलें. वेगळें ठेवणें हें तेव्हां आवश्यक होतें. परंतु वेगळें ठेवलेल्या माणसाच्या दाराशीं कोणी जेवणाचा डबा ठेवून दोन शब्द बोललें, आणि कोणीं तोंड फिरवलें, हा फरक ज्यानें सोसला त्यास आजहि स्मरतो. रोगापासून दूर राहणें व रोग्यापासून दूर जाणें, या दोन गोष्टी भयाच्या वेळीं एकच वाटूं लागतात.

फादर वाझ कँडींतच राहिले. नात्यांतले फादर जोसेफ कार्व्हाल्यो हे या कामीं त्यांचे सहकारी होते. रानांत टाकून दिलेल्या रोग्यांस त्यांनीं हुडकून काढलें, त्यांच्यासाठीं निवारा केला, त्यांच्या तोंडीं अन्नपाणी घातलें, फोड व जखमा स्वच्छ केल्या. जे मेले त्यांस स्वतः खड्डा खणून मूठमाती दिली. रोगी कॅथलिक आहे कीं बौद्ध आहे हें त्यांनीं पाहिलें नाहीं. कँडींतील बहुसंख्य प्रजा बौद्धच होती. ज्यांच्या दरबारांत त्यांच्याविरुद्ध तक्रारी होत असत त्यांच्याच नात्यागोत्याचीं माणसें त्यांत असतील, परंतु त्यामुळें शुश्रूषेंत भेद पडला नाहीं. साथ ओसरेपर्यंत हा क्रम चालला.

येथें थोडें थांबून विचार करावा. या कामानें देवीचा रोग बरा होत नव्हता. फादर वाझ यांच्याजवळ त्यावर उतारा नव्हता व त्या काळीं तो जगांत कोणाजवळहि नव्हता. मग त्या श्रमाचा उपयोग काय झाला, असें कोणी विचारील. घसा सुजलेल्या माणसास घोट घोट पाणी पाजणारा कोणी असला तर तो तहानेनें मरत नाहीं. अशक्त रोग्याच्या पोटांत अन्न गेलें तर रोगाशीं झुंजण्यास त्यास चार दिवस अधिक मिळतात, आणि त्या चार दिवसांत कित्येक वांचतात. आजचें परिचर्याशास्त्रहि हेंच शिकवितें. जे वांचले नाहींत त्यांसहि एक लाभ झाला. आपण टाकून दिलेली वस्तु नसून मनुष्य आहों, हें त्यांस शेवटच्या घटकेस कळलें. वेदनेंत जी सर्वांत मोठी वेदना, म्हणजे आपलें दुःख कोणासच नको आहे ही जाणीव, ती तरी त्यांची दूर झाली.

आणि फादर वाझ यांच्या ठायीं हें बळ कोठून आलें? ईश्वरकृपेनें, हें उत्तर आपण देऊं व तें खरेंच आहे. परंतु ईश्वरी कृपा बहुधा मनुष्याच्या अनुभवांतूनच वाट काढते. दहा वर्षांपूर्वीं जाफन्यांत हाच मनुष्य मळलेल्या चिंध्यांत पडून होता, यासहि लोक पाहून पुढें जात होते, आणि यासहि एका अनोळखी हातानें पेज पाजली होती. रानांतल्या रोग्यास काय हवें आहे हें त्यांस कोणीं सांगावें लागलें नाहीं. जेरीखोच्या वाटेवर जखमी पडलेल्या मनुष्याच्या दृष्टान्तांत आपण नेहमीं शोमरोनी माणसाच्या जागीं स्वतःस कल्पितों. फादर वाझ हे आधीं जखमी मनुष्याच्या जागीं पडले होते व मग शोमरोनी झाले.

साथ ओसरल्यावर राजा परतला. या परदेशीं संन्याशाच्या दयेनेंच शहरांतील कित्येक जीव वांचले, व कित्येक प्रेतें उघड्यावर पडावयाचीं राहिलीं, हें त्यानें मान्य केलें, आणि फादर वाझ व त्यांचे सहकारी यांस राज्यांत मोकळेपणानें काम करूं दिलें. राजाचा व दरबाराचा जो विश्वास वादविवादानें मिळाला नसता तो शुश्रूषेनें मिळाला. परंतु तो मिळविण्यासाठीं ती शुश्रूषा केली होती असें मात्र कोणीं समजूं नये. मानमरातबाची त्यांस ओढ नव्हती. पुढें पोपमहोदयांचे प्रतिनिधि मोन्सिन्योर द तूर्नों यांच्या मनांत त्यांस बिशप करावें असें आलें असतां त्यांनीं तें नम्रपणें टाळलें. १७०७ सालीं विमलधर्मसूर्य मरण पावला व वीर नरेंद्रसिंह गादीवर आला. त्यानेंहि त्यांस आश्रय दिला. फादर जाकोमे गोन्साल्व्हिस यांच्यासारखे विद्वान् सहकारी गोव्याहून आले व त्यांनीं सिंहली आणि तमिळ भाषांत ख्रिस्ती वाङ्मय निर्माण केलें.

अनवाणी प्रवास, उपवास व जागरणें यांनीं फादर वाझ यांचें शरीर झिजलें होतें. १७१० सालच्या फेरींत ते आजारी पडले व कँडीस परत आले. तापामागून ताप येऊं लागला. ज्यानें शेंकडों अंथरुणें झाडलीं त्यास आतां दुसऱ्यांनीं अंथरूण घालावें असा प्रसंग आला. सेवा करून घेणें हें सेवा करण्याहून कित्येकांस जड जातें. दुसऱ्यांची चाकरी केलेल्या कर्त्या स्त्रीपुरुषांस म्हातारपणीं पाण्याचा पेला मागण्याचीहि लाज वाटते, हें आपण घरोघर पाहतों. फादर वाझ यांनीं जाफन्यांत हा धडा तारुण्यांतच घेतला होता. १६ जानेवारी १७११ रोजीं, वयाच्या साठाव्या वर्षीं, कँडी येथें त्यांनीं देह ठेवला. गोव्याहून निघाल्यापासून ते पुन्हां कधींहि मायदेशीं परतले नाहींत.

त्यांच्याच मंडळांतील गोमंतकीय धर्मगुरू फादर सेबास्तियांव द रेगो यांनीं लिहिलेलें त्यांचें चरित्र १७४५ सालीं लिस्बन येथें छापलें गेलें. २१ जानेवारी १९९५ रोजीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं कोलंबो येथें त्यांस धन्य घोषित केलें, आणि १४ जानेवारी २०१५ रोजीं त्याच शहरीं पोप फ्रान्सिस यांनीं त्यांस संतपद दिलें. १६ जानेवारी हा त्यांचा सण होय.

अशा चरित्रापासून आपण काय घ्यावयाचें? आपल्या धर्मग्रामांतील कित्येक मुली परिचारिका आहेत. कोणी गांवच्या आरोग्य केंद्रांत, कोणी मुंबईस, कोणी आखाती देशांत. त्यांचें काम कठीण आहे. एका पाळींत अनेक रोगी, त्यांत कोणी कण्हणारा, कोणी चिडणारा, कोणी मरणारा. दुसऱ्याचें दुःख रोज पाहून मन बधिर होतें. तो स्वभावाचा दोष नसून थकव्याचा परिणाम आहे. त्यांनीं संत जोसेफ वाझ यांच्या चरित्रांत हेंहि पाहावें कीं, त्यांनीं सहकारी घेतले, प्रार्थनेची वेळ राखली, आणि जेथें रोग बरा करतां येत नव्हता तेथें पाणी पाजण्याचें काम क्षुद्र मानलें नाहीं. रोगी दुखतें म्हणाला तर त्याचें दुखणें खरें मानावें, ही त्या पाण्याच्या घोटाइतकीच मोठी सेवा आहे. कारण वेदना दुसऱ्यास दिसत नाहीं, ती सांगणाऱ्याच्या शब्दावरच विश्वासून जाणावी लागते.

आणि आपण जे रोगी होऊं, कारण आज ना उद्यां आपणां सर्वांस तें होणें आहे, त्यांनीं जुवांवची आठवण ठेवावी. तो स्वतः पडलेला असतां धन्यास पाणी देत होता. अंथरुणावर पडलेल्या माणसासहि शेजारच्या खाटेवरच्यास धीर देतां येतो. रात्रभर जागलेल्या परिचारिकेचा थकलेला चेहरा त्यास दिसूं शकतो, आणि तिला एक गोड शब्द बोलतां येतो. सहवेदना ही निरोग्यानें रोग्यास द्यावयाची भिक्षा नव्हे. ती दोन्हींकडून वाहते.

या महोत्सवाच्या निमित्तानें आपण इमारतीस रंग दिला, दिवे लावले, पाहुण्यांस जेवूं घातलें. आतां उत्सव आटोपल्यावर प्रत्येक कुटुंबानें आपल्या वाडींतील अंथरुणास खिळलेल्या एका तरी माणसाकडे जावें, तो कोणत्या धर्माचा, कोणत्या घराण्याचा हें न विचारतां. बरोबर पेजेचें भांडें न्यावें, आणि थोडा वेळ बसावें. जाफन्याच्या त्या निनांवी बाईनें याहून अधिक कांहीं केलें नव्हतें.

संत जोसेफ वाझ आमच्या रोग्यांसाठीं, त्यांच्या उशाशीं जागणाऱ्यांसाठीं व आम्हां सर्वांसाठीं विनंति करोत.